नोजरचे डोळे

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, आघाडीजवळच्या आमच्या अहवाज शहरात, मी शहिदांच्या तसबिरी रंगवण्याच्या कामाला लागले. कबरीवरच्या काचेच्या पेटीत त्या ठेवत. घरचे लोक शाळेतल्या घोळक्याच्या फोटोतलं नखाएवढं डोकं आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, "हुबेहूब करा हं, बाई." हुबेहूब कुठून आणू, माझं कपाळ! मग मी धाकट्या भावाला, सोळा वर्षांच्या नोजरला, समोर स्टुलावर बसवायची आणि फोटोत जे दिसत नसेल ते त्याच्याकडून उसनं घ्यायची. शेजारच्या कूरोशला त्याचे कान, दुसऱ्याला ओठ, तिसऱ्याला हनुवटी. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचा.

"ताई, माझे कान शहीद झाले," एकदा म्हणाला, "आता आईनं कामाला हाक मारली तर मला ऐकू यायची नाही."

डोळे मात्र मी त्याचे कुणालाच दिले नाहीत. डोळे नेहमी शेवटी काढायचे, आणि ते झाले की आमच्या कचेरीचे प्रमुख हाजीसाहेब तसबिरीवर शिक्का मारून ते नाव बेपत्तांच्या यादीतून शहिदांच्या यादीत घेत.

एकोणिसाव्या वर्षी नोजर आघाडीवर गेला आणि बेपत्ता झाला. तीन महिन्यांनी हाजीसाहेबांनी त्याचाच फोटो माझ्यापुढे टाकला. "आईला रडू तरी दे," ते म्हणाले. मी फोटो त्यांच्या अंगावर भिरकावला. त्यानंतर अहवाजमध्ये राहणं शक्य नव्हतं. तुर्कस्तानमार्गे हॅम्बुर्गला आले. मागे राहिलेले त्याचे बाकीचे फोटो तोफगोळ्यानं घरासकट जाळले, आणि बघता बघता त्याचा चेहरा माझ्या मनातूनही गेला. मी बिनचेहऱ्याची माणसं काढू लागले. ती खपली. परागंदा माणसाची पोकळी, असं समीक्षकांनी लिहिलं. कसली डोंबलाची पोकळी! मला माझा भाऊ आठवत नव्हता, एवढंच.

आई दर गुरुवारी दुपारी कबरस्तानात जाते, शेजारपाजारच्या पोरांच्या कबरी गुलाबपाण्यानं धुते. दोन वर्षांपूर्वी तिथूनच तिचा फोन आला.

"कूरोशच्या तसबिरीतले कान म्हातारे झालेत गं."

"उन्हानं रंग उडाला असेल, आई," मी खेकसले. आपला देश आईला वेडंही करून सोडणार, असं वाटून मला संताप आला होता.

तिनं फोटो पाठवला. चेहरा कोवळाच होता. कान लोंबले होते आणि एका पाळीवर पांढरा केस होता. तो मी काढलेला नव्हता. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या कबरीवरचे ओठ आले, कडेला दोन खोल सुरकुत्या पडलेले.

"दाढ पडलेली दिसतेय," आई म्हणाली. वसतिगृहातल्या मुलाबद्दल बोलावं तशी. "वेळेवर जेवत नसेल मेला."

मी तिच्यावर ओरडले, आणि मग गुरुवारची वाट पाहू लागले. एकेक अवयव मी फोटोवरून कॅनव्हासवर उतरवत गेले. दोन वर्षांत पन्नाशीचा एक माणूस तयार झाला, बिनडोळ्यांचा. कुठेतरी तो होता, जेवत होता, म्हातारा होत होता. मला दुसरं काही नको होतं.

या सोमवारी गॅलरीवाली ब्रिगिटे आली. बराच वेळ बघत राहिली.

"डोळे काढूच नका," ती म्हणाली. "हाच तुमचा देश. लोक रडतील बघा."

मी तिला दाराबाहेर काढलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्या हाजीला डोळे हवे होते, हिला नको होते. माझ्या भावाला साधा माणूस म्हणून जगू द्यायला कुणीच तयार नव्हतं. त्या रागात मी ब्रश उचलला, आणि तीस वर्षं न आठवलेले त्याचे डोळे आपसूक हाताखाली आले, बी फोडताना बारीक व्हायचे तसे. तासाभरात नोजर माझ्याकडे बघत होता. मी आनंदानं रडले.

आज गुरुवार. आईचा फोन आला तो नेहमीच्या वेळेआधी.

"माहरुख, कूरोशचे कान पुन्हा पहिल्यासारखे झालेत." तिला दम लागला होता. "ओठपण. हनुवटीपण. मी सगळीकडे फिरून आले. सगळं एकोणीस वर्षांचं झालंय."

मी कॅनव्हासवरच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"पोरी," आईनं हळूच विचारलं, "तू त्याची तसबीर पुरी केलीस का गं?"

"नाही," मी म्हणाले.