शेवटचा माणूस बसेपर्यंत

"मावशी, हा आरसा काढून टाकू का? ऊन आलं की डोळ्यांत चमकतो," पाळकांच्या सुनेने विचारलं.

चर्चच्या कोपऱ्यातल्या पायपेटीवर जुन्या स्कूटरचा गोल आरसा तारेने बांधलेला होता. ती पेटी वाजवणाऱ्या पेटीबाईंनी बाकाला धरून गुडघा सरळ केला. मंगळवारी त्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढचे तीन महिने पेटी सुनेच्या हाती जायची होती.

"राहू दे गं. केस नीट करायला बरा पडतो."

ही शुद्ध थाप होती. पेटीबाईंच्या केसांनी आजवर कुठल्याच आरशाला दाद दिली नव्हती.

आरशाची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. एकट्या राहणाऱ्या सात म्हाताऱ्यांना पेटीबाई आणि त्यांचा नवरा तेव्हापासून दर रविवारी व्हॅनमधून उपासनेला आणायचे. एरवी औषधं पोचवणं, बल्ब बदलणं, दवाखान्यात नेणं हेही चालूच असे. पहिल्या रविवारी, मंडळी आत येऊन बसताना वाजवायची प्रवेशाची चाल स्वरांच्या वहीप्रमाणे चार मिनिटांत संपली, तेव्हा त्या सातांतले पोस्टमनकाका बाकांच्या मधल्या वाटेत अर्ध्यावर होते. एकदम शांतता पसरली. तिच्यात काठीची टकटक, आणि सगळ्यांच्या माना वळलेल्या. जन्मभर दारोदार चाललेला माणूस तेवढ्या पावलांसाठी लाजून चूर झाला. पुढचे दोन महिने दर रविवारी त्यांची सर्दी काही बरी होईना.

मग पेटीबाईंनी नवऱ्याकडून, वाजवताना पाठीमागची वाट दिसेल असा आरसा बांधून घेतला. त्या दिवसापासून पोस्टमनकाकांनी बूड टेकलं की चाल संपायची. कधी दोन फेऱ्या, थंडीत पाच. मंडळींना वाटायचं, चालच मुळात लांबलचक आहे. एकदा एक पाहुणे पाळक चाल संपली असं समजून चारदा उभे राहिले आणि चारदा बसले.

हे पेटीबाई कुणाला बोलल्या नव्हत्या. काकांच्या कानावर गेलं असतं तर केल्याचं काय राहिलं?

आता मात्र पंचाईत झाली. सून पेटीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, वहीतलं एक टिंब न सोडणारी. वही संपली की ती थांबणार. तिला सांगायला पेटीबाईंनी तोंड उघडलं, तोच समोर दुसऱ्या बाकावर काका चष्मा पुसत बसलेले दिसले. पेटीबाईंनी ते तसंच मिटलं.

तीन महिने हा घोर पायापेक्षा जास्त छळत होता. रविवारी नवरा परतला की उलटतपासणी सुरू व्हायची.

"काका आले होते?"

"आले होते."

"नीट बसले?"

"मी बाहेर गाडीपाशी. मला काय ठाऊक?"

"बरं, आनंदी दिसले का?"

"स्वेटर घातला होता."

या माणसाला लढाईवर धाडलं असतं, तरी येऊन त्याने चहा कसा होता एवढंच सांगितलं असतं.

अखेर पेटीबाईंचा चर्चला परतायचा रविवार आला. व्हॅनमध्ये आज पेटीबाई आठव्या. वॉकर घेऊन पायऱ्या चढेपर्यंत बाकीचे सात आत जाऊन बसलेसुद्धा. दारातून दुसरा बाक त्यांना कधी एवढा लांब दिसला नव्हता. एक पाऊल, वॉकर, दुसरं पाऊल. चाल त्यांना बोटांनी पाठ होती. त्या अर्ध्यावर आल्या आणि शेवटची ओळ सुरू झाली. कान गरम झाले. आता शांतता होणार, माना वळणार. काकांना त्या दिवशी काय झालं असेल ते त्यांना आज कळत होतं.

शेवटचा सूर लागला. तो लांबला, आणि हळूच पहिल्या ओळीवर परत गेला.

पेटीबाईंनी वर पाहिलं. गोल आरशात दोन डोळे होते. वही सोडून ते त्यांच्याकडे बघत होते.

त्यांना इतका आनंद झाला की वॉकर टाकून नाचावंसं वाटलं. डॉक्टरांच्या मनाईच्या यादीत नाच नव्हताही तसा. उरलेली वाट त्या मान वर करून, अगदी ऐटीत चालल्या.

पोस्टमनकाका बाकावर सरकले आणि कुजबुजले, "पहिल्या रविवारी पोरगी थांबली होती. मी मध्येच अडकलेला. मग तिनं आरशात बघितलं अन् परत सुरू केलं."

"तुम्हाला आरशाचं माहीत आहे?"

"अकरा वर्षं. तुम्हाला मी दिसतो, तर मला तुम्ही दिसणार नाही होय?"

"आणि कधी बोलला नाहीत ते?"

"चाल आवडते मला. पाय बरे असले तरी एखादी फेरी जास्त उकळायचो," काका म्हणाले. "बसा आता."

पेटीबाई बसल्या नाहीत. त्यांनी वॉकर उगाच इकडचा तिकडे केला, बाकावरची नसलेली धूळ झटकली. चाल पुन्हा शेवटच्या ओळीवर आली होती.

"बसा की हो, पोरीचे पाय दुखतील."

"तरुण आहेत तिचे," पेटीबाई म्हणाल्या, आणि आरशाकडे बघत उभ्याच राहिल्या. आरशातली सून हसली आणि तिने चाल पहिल्यापासून धरली.