बारा खणांना लागलेली हळद

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे, हे आधीच कबूल करते. नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. १९९४ साली कारभारी सुताराने मला बारा खण दिले आणि छाया मॅडमनी ते कार्डांनी भरले.

प्रथिनं एकेकटी काम करत नाहीत, एकमेकांना बिलगूनच ती शरीर चालवतात. कोणतं प्रथिन कोणाला बिलगतं हे वाचनात आलं, की मॅडम एका जोडीचं एक कार्ड लिहीत. कोपऱ्याला रंग देत. यीस्टला पिवळा, फळमाशीला लाल, माणसाला निळा. जोडी दोन जिवांत सापडली, तर दोन रंग. दूरदूरचे प्राध्यापक मला बघायला येत. मी फुगून जाई. पावसाळ्यात तर खरोखरच फुगे आणि मनात नसलं की खण अडकवून ठेवी.

२००२ साली संगणक आला. त्याच्या पडद्यावर जगभरातून गोळा झालेल्या हजारो जोड्या दिसत, कितीतरी जिवांच्या. माझी कार्डंही त्यात भरायची, असं मॅडमनी ठरवलं. वर त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवून आणलं. मला आठ वर्षांत कुणी साधं फडकं पांघरलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिपाई बहिरूने संगणकाला झेंडूची माळ घातली. त्याला हळदकुंकू लावायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मग हळदीची वाटी घेऊन तो माझ्याकडे वळला. एकेक खण उघडून त्याने पहिल्या कार्डाच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. मला उरलंसुरलं मिळालं, म्हणून मी आणखीच धुमसले.

सुट्टीनंतर निकिता ही विद्यार्थिनी माझी कार्डं संगणकात भरायला बसली. हळद तिला यीस्टचा रंग वाटली. मला सगळं दिसत होतं. एक खण अडकवला असता, तर मॅडम उठून आल्या असत्या आणि त्यांनी हळद ओळखली असती. मी बाराही खण अलगद सरकू दिले. म्हटलं, होऊ दे त्या संगणकाची फजिती.

फजिती निकिताची झाली. त्या बारांतलीच एक जोडी तिने प्रकल्पाला घेतली. सहा महिने ती यीस्ट वाढवत राहिली, जोडी काही जमेना. शेवटी मॅडमनी मूळ कार्ड काढलं, कोपरा ओल्या बोटाने चोळला आणि हुंगला.

"पेटीची पूजा राहू नये म्हणून लावली, मॅडम," बहिरू मान खाली घालून म्हणाला. "लय वर्षं राबलीय ती."

मॅडम त्याला रागावल्या नाहीत. "संगणकाने दिलं तेवढं घेतलं," त्या निकिताला म्हणाल्या. "कार्डं माझी होती. मी तपासायला हवी होती."

निकिताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिचं वर्ष गेलं.

चुका शोधायला मॅडमनी संगणकातली यादी छापून माझ्यावर ठेवली, तेव्हा मी ती वाचली. माझ्या प्रत्येक जोडीपुढे संगणकाने लिहिलं होतं, 'मूळ नोंद: छाया मॅडमची पेटी', आणि पुढे खणाचा आकडा. मी ज्याच्यावर जळत होते, तो पहिल्या दिवसापासून माझंच नाव सांगत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना पुसत जा. पण कुणाची फजिती व्हावी म्हणून माझ्यासारखे गप्प बसू नका. मला आता रोज पुसतात. निकिताचं वर्ष मात्र मला परत देता येत नाही.