नदीची खबर माझ्या पोटात राहिली

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. नदीकाठच्या पाणीमोजणी कार्यालयात टेबलाखाली बसतो. तरुणपणी सगळं कार्यालय माझ्यावर चाले. पुढे मी मंद झालो, आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवू लागले.

इथं पाणी मोजतात ते काका. त्यांची थोरली बहीण, आक्का, नदीच्या खालच्या अंगाला राहते. पाण्याची पातळी आक्काला आणि तिच्या शेजाऱ्यांना फोनवर दिसावी, म्हणून काकांच्या पुतणीने मला वेब सर्व्हर करायचं ठरवलं. म्हणजे कुणी पान मागितलं, की मी ते धाडायचं.

माझ्या जुन्या हाडांना पेलेल अशी युनिक्सच्या कुळातली एक हलकी संगणकप्रणाली तिने माझ्यात घातली. पण तिला ती नवखी होती. सवयीच्या आज्ञा इथं लागू पडेनात.

"परक्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालंय," ती कुरकुरली. "मीठ आहे, पण कुठल्या डब्यात ते देव जाणे!"

शेवटी तिने सर्व्हर, म्हणजे माझ्यातला पान धाडणारा प्रोग्राम, हाताने सुरू केला. पान उघडलं.

"काका, याला एकदा बंद करून परत लावते. सर्व्हर आपोआप उठतो का बघू."

"खबरदार! चालतंय ना? मग चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. आमच्या पंपाचाही हाच नियम."

त्यांनी माझ्या पाठीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. पुतणी हसली आणि निघून गेली.

एका दुपारी नदी फुगली. वीज गेली, परत आली. मी जागा झालो, पण सर्व्हर झाला नाही. माझ्याबरोबर त्यालाही उठवायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काका भिजत येत, चढते आकडे माझ्यात भरत आणि पुन्हा काठावर पळत. आकडे माझ्या पोटात साठत राहिले. बाहेरचं दार बंदच होतं.

पाणी घरात शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी पाठुंगळी घेतलं म्हणून आक्का वाचली. तिचं शिलाईयंत्र गेलं, घर चिखलाने भरलं.

पाणी ओसरल्यावर ती कार्यालयात आली.

"पान उघडेना रे. म्हटलं, पाणी चढलं असतं तर माझा भाऊ गप्प बसला असता का?"

काकांनी पुतणीला फोन लावला.

पुतणी धावत आली. तिने माझ्यात एकच ओळ लिहिली: जागा झालास, की सर्व्हरलाही उठव. काकांनी चिठ्ठी फाडली, स्वतःच्या हाताने माझी वायर उपसली आणि पुन्हा लावली. तिघंही आक्काच्या फोनकडे बघत राहिली. पान उघडलं. आक्का मात्र हसली नाही.

मित्रांनो, यंत्राची काळजी म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. पडल्यावर उठता येतं का, हे आम्हाला कोरड्या दिवशी विचारा.