आठ मेचं पान

मोठ्या बाईंच्या छापखान्यात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर निघायचं. वर ठळक तारीख, खाली त्या दिवशी जगात पूर्वी काय घडलं त्याच्या चार-दोन ओळी. लोक सकाळी चहाच्याही आधी ते पान फाडणार, त्यात खोट निघता कामा नये. म्हणून छपाईची प्लेट करण्याआधी प्रत्येक पान बाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही तिथली रीत. बाईंची शाळा दुसरीतच सुटली, पण कान तिखट. बाइंडिंगच्या टेबलाशी बसून त्या गठ्ठ्यांना गम लावत ऐकायच्या आणि वाचणारा जरा चाचरला की हात थांबवायच्या.

इतकी वर्षं थोरला मुलगा वाचायचा. यंदा त्याचा घसा बसला आणि काम नव्या नातसुनेच्या गळ्यात पडलं. पानांचा मजकूरही तिनंच जमवला होता. पोरगी हुशार, पण वाचायची अशी भरधाव, की मागे कुत्रं लागलंय का, असं बाईंनी तिला दोनदा विचारून झालं होतं.

मे महिन्याची प्लेट जेवणानंतर व्हायची होती. आठ तारीख आली. प्राणवायूवर काम केलेल्या एका थोर शास्त्रज्ञाचं या दिवशी डोकं उडवलं, एका बेटावर ज्वालामुखीनं अख्खं शहर गिळलं, युरोपातलं मोठं युद्ध संपलं. एवढं वाचून नातसून थबकली आणि झटकन नऊ तारखेवर गेली.

"काय गिळलंस गं?" बाईंनी विचारलं.

काही नाही, एक ओळ खोडलेली आहे, असं ती पुटपुटली. कुणी खोडली, तर बाबांनी, म्हणजे थोरल्यानं, लाल पेनानं. बाई म्हणाल्या, खोडली तर खोडली, मला ऐकू दे. पोरीनं दाराकडे पाहिलं, पदराशी चाळा केला आणि शेवटी वाचलं, "१९८० : देवीचा रोग जगातून कायमचा नाहीसा झाल्याचं जाहीर झालं."

बाईंचा गमचा ब्रश डब्यातच राहिला.

त्यांच्या तोंडभर देवीचे वण होते. लहानपणी घरात देवी आल्या, थोरली बहीण गेली, या वाचल्या. पुढं त्या विषयावर घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बाई फोटोला उभ्या राहत नसत, कारण फोटोवाला 'हसा' म्हणून हुकूम सोडतो, आणि हुकूम सोडायचं काम बाईंचं. घरच्यांनी तोही राग वणांच्या खात्यावर मांडला.

थोरल्याला बोलावणं गेलं. तो बसक्या आवाजात म्हणाला, की तुला लागेल म्हणून खोडलं. दरवर्षी खोडतो. आधी आमचे बाबा खोडायचे, जाताना मला सांगून गेले, आठ मे सांभाळ.

नातसुनेला वाटलं, आता आपली पाठवणी माहेरी. बाईंनी मात्र ब्रश डब्यातून काढून बाजूला ठेवला. नवरा आयुष्यभर आपल्याशी भांडला आणि चोरून एवढं जपत राहिला. त्यांना हसूही येईना आणि रडूही.

"वेडे आहात रे सगळे," त्या म्हणाल्या. "लागायचं ते लहानपणीच लागून गेलं. संपल्याचं तरी मला सांगायचं होतंत."

देवी आता कुणाला येत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण दळायचं जातं जसं आपोआप अडगळीत गेलं तसा तो रोगही गेला असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. कुणीतरी त्याच्या मागे लागून, शेवटचा रोगी सापडेपर्यंत घरं पालथी घातली, हे आज नातसुनेकडून कळलं. ती सांगत होती तसतशी बाईंना दारातली पायरी दिसायला लागली. बहीण गेल्यावर देवीची लस टोचणारा माणूस आला होता. आईनं दार लावून घेतलं. तो शिव्या खात पायरीवर बसून राहिला, पण हलला नाही. संध्याकाळी आईनंच दार उघडलं. त्यानं धाकट्या भावाला टोचलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाला, तुला नको बाळ, तू जिंकलीस. तो भाऊ आजही गुळगुळीत गाल घेऊन आरशापुढं तासभर काढतो. आणि याच थोरल्याला पाळण्यात असताना टोचून आणलं, त्या रात्री बाई आई झाल्यापासून पहिल्यांदा बिनघोर झोपल्या होत्या.

"ती ओळ सगळ्यात वर घे," बाई नातसुनेला म्हणाल्या.

थोरला म्हणाला, जागा नाही. बाई म्हणाल्या, डोकं उडवलं ती ओळ काढ. बिचाऱ्याला एकदा मारलं तेवढं पुरे, दरवर्षी चहाच्या आधी कशाला? थोरल्यानं शेवटचा प्रयत्न केला, की लोक ओळ वाचतील आणि तुझ्या तोंडाकडे बघतील.

"बघू देत. आमच्या वेळी काय होतं ते त्यांना दुसरीकडे कुठं बघायला मिळणार?"

मग त्यांनी ओळीपुढं आणखी एक वाक्य घालायला सांगितलं : दारोदार फिरून टोचणाऱ्यांचे आभार. थोरला हळूच म्हणाला, की आई, आभार म्हणजे काही इतिहास नव्हे, अशी ओळ कुठल्याच कॅलेंडरात नसते.

"तो पायरीवर बसला होता तेव्हा आमच्या घरातल्या कुणी आभार मानले नाहीत. नावसुद्धा विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या कॅलेंडरात असेल."

थोरल्यानं नातसुनेच्या हातून कागद घेतला, आपलीच लाल रेघ खोडली आणि बाजूला स्वतःच्या अक्षरात ते वाक्य लिहिलं. बाईंनी ब्रश उचलला, पण गठ्ठ्याची कड काही त्यांना नीट दिसेना.

"वाच गं पुढं," त्या म्हणाल्या. "नऊ तारखेला काय झालं?"