खुर्चीभोवतीचे गोळे

चौदा फोटो होते. त्यांतल्या नऊ फोटोंत गोळे दिसत होते, एकूण सव्वीस. फिकट पांढरे, कडा धूसर. जवळजवळ सगळे पापडी गावातल्या घराच्या ओटीवर, एकनाथकाकांच्या आरामखुर्चीभोवती. २००४च्या मे महिन्यात काका गेले, त्यांच्या तेराव्याच्या संध्याकाळी उमंगदादाने आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याने ते काढले होते.

तेव्हापासून जयवंतीकाकू दादाच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर राहायला जायचं नाव काढेना. "ते इथं बसलेत, आणि मी तिकडं लिफ्टने वरखाली करू?"

"रेवा, तू फिजिक्सवाली ना? सांग माझ्या आईला," दादा म्हणाला. "विहिरीपाशी दोनदा पडलीये. एकटी कशी ठेवू?"

मी सारखी तेच फोटो उघडून बघत होते. भिंगावर डाग असता तर तो प्रत्येक फोटोत एकाच जागी आला असता. चिलटं असती तर कुठेतरी पंख, एखादी लांबट रेघ दिसली असती. उरली धूळ. भिंगाजवळचा कण फ्लॅशने उजळतो आणि फोकसबाहेर असल्याने फुगून गोल दिसतो. पण खुर्चीपाशीच का?

खुर्चीवर काकांची गोधडी होती. तेराव्याला पाहुणे येतील तसं कुणी ना कुणी ती उचलून झटकत होतं. आता मीही ओटीवर ती तशीच झटकली आणि फोटो काढला. एकोणीस गोळे. फ्लॅश बंद करून पुन्हा झटकली. एकही नाही.

काकूने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"गोधडीतली धूळ?"

"हो."

"म्हणजे त्यांच्याच अंगाखालची ना?"

"असेल," मी म्हटलं. ते मोजायचं कसं, मला सुचेना.

"मग उमंगच्या घरातही काढ फोटो. तिथं दिसले तर राहते. नाहीतर मला परत आणून सोडायचं."

रविवारी आम्ही गोखिवऱ्याला गेलो. नवी फरशी, दोनदा पुसलेली. चार फोटो काढले. शून्य.

"चादर झटक ना जरा," दादा कानाशी पुटपुटला.

"मी नाही."

"तू आहेस कुणाच्या बाजूने गं?"

काकू अजून दारातच होती, चपला पायात ठेवून. "आलं काही?"

"नाही, काकू."

तिने चपला काढल्या. हातातल्या पिशवीतून काकांची गोधडी बाहेर काढली, खिडकीजवळच्या खुर्चीवर टाकली आणि दोन्ही हातांनी जोरात थोपटली.

"आता काढ."

फ्लॅश चालू. एक फोटो. बावीस गोळे.