बार्म की टीकेक

पूल ओलांडला की यॉर्कशायर लागतं, आणि तिथे गोल पावाला टीकेक म्हणतात. पुलाच्या अलीकडे, लँकाशायरात, त्याच पावाला बार्म म्हणतात आणि तेच बरोबर, असं विल्फ ऑग्डनचं मत होतं. मत कसलं, धर्मच. तरीही गेली सात वर्षं तो रोज सकाळी पूल ओलांडून एनिड मिज्लीच्या बेकरीत जायचा.

"एक बेकन बार्म द्या, बाई."

"असलं काही आम्ही विकत नाही."

"मग हे समोर काय मांडलंय?"

"टीकेक. डोळे शाबूत आहेत ना? मग जिभेलाच काय झालंय?"

मागची गिऱ्हाइकं खोळंबायची. शेवटी एनिड पाव त्याच्यापुढे आदळायची आणि विल्फ किल्ला सर केल्याच्या थाटात घरी जायचा. बायको गेल्यापासून त्याच्याशी इतकं मन लावून कुणी भांडलं नव्हतं.

सोमवारी दारावर कागद दिसला. शनिवारी बेकरी कायमची बंद. एनिड बहिणीकडे दूर व्हिटबीला राहायला चालली होती. विल्फने तो कागद दोनदा वाचला. ती विधवा, आपण विधुर, मग इतकी वर्षं आपण काय माशा मारत होतो?

शनिवारी त्याने ठेवणीतला कोट चढवला. बाईला थांबवायचं तर आधी आपण नमायला हवं, असं त्याने ठरवलं होतं. पूल ओलांडताना तो शब्द तोंडात घोळवत होता. त्यापेक्षा एरंडेल बरं, असं त्याला वाटलं.

"एक बेकन... टीकेक."

 एनिडच्या हातातला चिमटा खाली पडला.

"बरं नाही का तुम्हाला?"

"ठणठणीत आहे. जाऊ नका, एनिड. माझ्याशी लग्न करा. जन्मभर टीकेक म्हणेन."

एनिड भडकली. "असल्या मिळमिळीत माणसाशी? सात वर्षं पहाटे कणीक मळताना माझ्या डोक्यात एकच, आज त्या ऑग्डनला काय सुनावायचं! आणि तुम्ही शेपूट घालून आलात?"

"अगं, हो तरी म्हण," रांगेतली एक म्हातारी करवादली, "नाहीतर माझा पाव तरी दे."

एनिडने दाराकडे बोट केलं. "बाहेर व्हा. परत या आणि नीट बार्म मागा. नवरा हवा तर असा हवा, ज्याला रोज नाही म्हणता येईल."

विल्फ बाहेर गेला. फुटपाथवर उभं राहून त्याने डोळे पुसले आणि लँकाशायरची उरलीसुरली अब्रू गोळा करून दार ढकललं.