सुती दोर

नूतनचा आपल्या दिरावर काडीचाही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिने पेणच्या भर रस्त्यात चार माणसांदेखत सांगून टाकली.

"भावजी, दोर सैल हाय. मुद्दाम ठेवलात तुम्ही."

हिरामण ट्रकच्या चाकावर पाय देऊन उभा होता. आतली गणपतीची मूर्ती पेंढ्यात नीट बसवून, वर बांबूच्या कमानी, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवरून दोर, असं सगळं त्याने सकाळपासून एकट्याने केलं होतं. तो खाली उतरला.

"मुद्दाम?"

"मग काय! मूर्ती फुटली तर कुणाचं भलं व्हनार हाय ते सगल्यांना ठाऊक हाय. चोर तो चोर, वर शिरजोर!"

बघ्यांपैकी कुणीतरी हसलं. हिरामणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ठाऊक होतं खरंच सगळ्यांना. नवरा, धनेश, गेल्यावर गणपतीचा कारखाना नूतनने चालवायला घेतला. मूर्तीचे डोळे आखण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हिरामण मात्र अडून बसला, कारखाना माझ्या बापाचा. शेवटी भावकी बसली. ठरलं असं, की हा हंगाम नूतनचा. पण तिच्या चुकीने एक जरी मूर्ती वाया गेली, तर कारखाना हिरामणचा. आता रोह्याच्या मंडळाची ही मोठी मूर्ती तेवढी पोचायची राहिली होती. ऐन गणपतीत दुसरा ट्रक मिळेना, म्हणून नाइलाजाने दिराचाच घ्यावा लागला.

बघे पांगल्यावर तिने पदर खोचला आणि स्वतः दोराला हात घातला. पावसात दोर ढिला पडतो, म्हणून तो करकचून आवळायचा, हे तिने कारखान्यात हजारदा ऐकलं होतं. एकेक फेरा ओढून, ट्रकच्या हुकाभोवती पीळ देऊन तिने गाठी मारल्या. तळहात सोलले. हिरामण हाताची घडी घालून बघत राहिला, मग मुकाट्याने स्टिअरिंगवर जाऊन बसला.

वडखळ ओलांडलं नाही तोच पावसाने झोडपायला सुरुवात केली. नागोठणंही मागे पडलं. बरं झालं मीच बांधलं, असं ती मनात म्हणत होती, आणि दिराच्या गप्प बसण्याचाही तिला राग येत होता.

रोह्यात मंडपापाशी मंडळाचा रितेश छत्री घेऊन वाटच बघत होता. ट्रकचा मागचा फाळका पाडून तो आत चढला आणि ओरडलाच. कमान वाकून मूर्तीच्या वरच्या उजव्या हातावर बसली होती. हात मनगटातून तुटून पेंढ्यात पडला होता. रितेश पोरांना बोलवायला मंडपाकडे धावला.

नूतनने दोर चाचपला. तारेसारखा ताठ झाला होता.

"नायलॉनचा दोर भिजला की ढिला पडतो," हिरामण शांतपणे म्हणाला. "हा सुती. हा आखडतो. म्हनून ढील ठेवली व्हती."

"आन मी आवळत व्हते तवा तुम्ही बघत व्हतात?"

"व्हय."

"तोंड शिवलं व्हतं?"

"सकाली बांधला तो मूर्ती पोचावी म्हनूनच बांधला, वयनी. कारखान्यावर नाव बापाचं हाय. मंग तू चार मानसांत चोर बोललीस."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याहून जास्त, तो खरं बोलत होता याची तिला चीड आली.

एवढ्यात पाच-सहा पोरांना घेऊन रितेश परत आला. संतापाने त्याचा आवाज चिरकत होता. खंडित मूर्ती घेऊन आम्ही काय करू? परवावर चतुर्थी आलीय!

"बांधलं कुणी हे?"

हिरामणने मान वळवून नूतनकडे पाहिलं. सकाळचं भांडण अर्ध्या पेणने ऐकलं होतं; दोर आवळताना मात्र तिला हिरामणशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. भावकीत तिचा शब्द कुणी खोटा धरणार नव्हतं.

नूतनने सोललेले तळहात पदराखाली घेतले.

"दिरानं," ती म्हणाली. "मी सकालीच बोलले व्हते सगल्यांसमोर."